‘१२०/८०’ : डॉक्टरकीतलं प्रोफेशनलिझम नेमकं कुठे शिकवतात?

फोंड्याची_आवय (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

लेक एमबीबीएस झाली, सध्या इंटर्नशिप चालू आहे. कॉलेज गोव्यातलं नाही, घाटावरचं आहे. नाव सांगणार नाही, कृपया विचारूही नका. चवथीला चार दिवस घरी आली होती. आमचा गणपती दीड दिवसाचा. पोचवून आलो, पाहुणे पांगले, आणि रात्री नेवऱ्या डब्यात भरताना ती एकदम म्हणाली, "आई, मी खोटं लिहिलं."

मला वाटलं परीक्षेत वगैरे. पण तसं नव्हतं. मेडिसिनच्या वॉर्डात रात्रपाळी होती, बेचाळीस पेशंट. दर सहा तासांनी सगळ्यांचं बीपी, नाडी, ताप बघून चार्टवर लिहायचं असतं. रात्री बारा वाजता तिच्या वरचा रेसिडेंट (निवासी डॉक्टर), जो स्वतः आदल्या सकाळपासून उभा होता, तिला म्हणाला, "सगळ्यांना १२०/८० टाक, ज्यांचं आधीच जास्त आहे त्यांना १३०/९० टाक, आणि पड जरा." हिने टाकलं. सतरा जणांचं लिहून झालं आणि मग पुढे हात चालेना, असं म्हणाली. तरी त्या बाकावर जाऊन पडली. झोप लागली नाही. चार वाजता उठून त्या सतराही जणांचं खरंखुरं मोजत फिरली. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिने हिला झापलंच : "आता कशाला गं उठवलंस? एवढ्यात डोळा लागला होता." तिचं बीपी निघालं १७८/१०४. चार्टवर, हिच्याच अक्षरात, बारा वाजताचं १२०/८०.

रेसिडेंटला उठवलं. त्याने निमूट औषध लिहिलं, एक शब्द बोलला नाही. सकाळच्या राउंडला मोठ्या सरांनी चार्ट पाहिले आणि म्हणाले, चार्टिंग पूर्ण आहे, गुड.

आता खरी गंमत. त्याच आठवड्यात त्यांना ‘प्रोफेशनलिझम’वर लेक्चर होतं. हजेरीच्या कागदावर हिच्या शेजारच्या मुलाने स्वतःची आणि न आलेल्या मित्राची अशा दोन सह्या केल्या.

तर माझे प्रश्न. एक, ह्या शब्दाला मराठीत म्हणतात तरी काय? शब्दकोशात ‘व्यावसायिकता’ मिळालं. आमच्या ह्यांचं फोंड्यात हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणाले मग ती तर माझ्याकडे भरपूर आहे. दोन, ही गोष्ट शिकवता येते का? आणि तीन, जो मला खरा विचारायचाय : मी तिला काय सांगायला हवं होतं? मी फक्त म्हटलं, "झोप आता, उद्या बस आहे."

रातांबा

पहिल्या प्रश्नापुरतं : ‘व्यावसायिक’ म्हटलं की आपल्याला १९ किलोचा सिलिंडर आठवतो, घरगुती तो १४.२ किलोचा. ‘डॉक्टर फार व्यावसायिक आहे’ हे वाक्य मराठीत कौतुक म्हणून कुणी ऐकलंय? त्याचा अर्थ सरळ : पैसे काढतो. एका भाषेतली शाबासकी दुसऱ्या भाषेत शिवी होते, तिथेच निम्मं दुखणं आहे.

सातेरी

वाचतेय. लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. चार वाजता उठली हे कमी नाही.

उगाच_बिब्बा

शाबासकी कसली? सतरा खोट्या नोंदी केल्या. एखाद्याचं रात्रीत काही झालं असतं तर? बँकेत कारकुनाने सतरा खोट्या नोंदी केल्या असत्या तर तुम्ही त्याला नेवऱ्या दिल्या असत्या का? डॉक्टर झाला की सगळं माफ. पगार द्या, तास कमी करा, मग प्रोफेशनलिझम आपोआप येईल, नाहीतर ह्या सगळ्या गप्पा.

पांढरी_टोपी

बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, सिस्टर म्हणून. आवयताई, मला एकच सांगा : त्या वॉर्डात बीपीची मशीनं किती होती? त्यातली चालू किती? लेकीला विचारून लिहा. बाकीचं मग बोलू.

निवृत्त_दोतोर

जरा सविस्तर लिहितो, म्हातारपणी वेळ असतो.

आधी शब्द. ‘प्रोफेशन’च्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ चारचौघांत उघडपणे जाहीर करणं. म्हणजे पैसे मिळवण्याचा मार्ग हा अर्थ नंतरचा. आधी, मी अमुक एका गोष्टीला बांधलेला आहे असं जगासमोर बोलणं. त्या अर्थाने आपल्याकडे ‘व्रत’ जवळचा आहे, पण तो शब्द डॉक्टरला फार उंचावर नेऊन बसवतो आणि मग तो पगार मागायला लागला की लोकांना राग येतो. मी स्वतः ‘पेशाची सचोटी’ म्हणतो. ओबडधोबड आहे, पण चालतं.

२००२ साली अमेरिका आणि युरोपातल्या फिजिशियन संघटनांनी मिळून एक सनद काढली, ‘लॅन्सेट’ आणि ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ ह्या दोन्ही नियतकालिकांत एकाच वेळी छापली. तिच्यात तीन मूळ तत्त्वं आहेत : रुग्णाचं हित सगळ्यात वर, रुग्णाचा स्वतःचा निर्णय, आणि सामाजिक न्याय. त्याखाली दहा बांधिलक्या. पहिली बांधिलकी आपलं ज्ञान आणि कौशल्य ताजं ठेवण्याची आणि दुसरी रुग्णाशी प्रामाणिक राहण्याची. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या क्रूस दांपत्याने ह्याच गोष्टीला समाजाशी केलेला करार म्हटलं. समाज डॉक्टरला मान देतो, स्वतःचे नियम स्वतः ठरवायची मुभा देतो, दुसऱ्याच्या अंगाला हात लावायची परवानगी देतो. बदल्यात काही मागतो. करार म्हटलं की तो दोन्ही बाजूंनी मोडू शकतो, हेही आलं.

आता शिकवता येतं का. मी १९७४ ला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखल झालो. तेव्हा कॉलेज पणजीत मांडवीच्या काठावर होतं, त्या जुन्या इमारतीत आता इफ्फीवाले, म्हणजे चित्रपट महोत्सववाले, बसतात. आम्हाला ह्या विषयाचं एकही लेक्चर नव्हतं. पण आमचे एक सर होते. पेशंटचं पोट तपासून झालं की आम्ही पुढच्या खाटेकडे वळायचो. सर थांबायचे, चादर पुन्हा त्याच्या छातीपर्यंत ओढायचे आणि मग यायचे. तोंडाने कधी काही बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आमच्यातला एकजण चादर ओढायला विसरला, तेव्हा सर पाच खाटा मागे चालत गेले. सगळी बॅच बघत उभी. त्यानंतर कुणी विसरलं नाही. मी आजही दवाखान्यात कुणाला तपासलं की माझा हात आपोआप चादरीकडे जातो, आणि दवाखान्यातल्या बाकड्यावर चादर नसते.

समाजशास्त्रज्ञ हॅफर्टी ह्यांनी १९९४ मध्ये ह्याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हटलं. वर्गात जे सांगतात ते एक, आणि कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, रात्रीच्या चहाला जे दिसतं ते दुसरं. मुलं दुसरंच उचलतात. तुमच्या लेकीने त्या रात्री जे उचललं ते रेसिडेंटकडून, आणि तो रेसिडेंट काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणाकडून.

मांडवीतलो_देव

दोतोर, ‘चादर नसते’ वाचून थांबलो जरा.

झोप_झाली_नाही

मी सध्या रेसिडेंट आहे (कुठे ते सोडा), म्हणून त्या रेसिडेंटच्या बाजूने दोन शब्द. १९९२ च्या केंद्रीय योजनेत निवासी डॉक्टरला आठवड्याला ४८ तास आणि सलग जास्तीत जास्त बारा तास असं लिहिलंय. हे मी माझ्या कन्सल्टंटला सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. छत्तीस तासांनी माणसाचं डोकं चालत नाही हो. तेव्हा तो जे बोलतो ते दुष्टपणाने नसतं. त्याला खरंच वाटतं की तो ज्युनियरवर दया करतोय, ‘पड जरा’ म्हणतोय.

आणि दुसरं. ‘अनप्रोफेशनल’ हा शब्द आमच्यावर कधी वापरतात ते सांगतो. केस वाढले तर. चप्पल घातली तर. सुट्टी मागितली तर. एका मैत्रिणीने वरिष्ठाच्या वागण्याची लेखी तक्रार केली तेव्हा तिलाही हाच शब्द ऐकवला. पण पेशंटसमोर सिस्टरवर खेकसणाऱ्या सरांना हा शब्द कुणी लावलेला मी पाहिला नाही. दांडा कायम वरून खाली.

जिनिव्हाच्या घोषणेत, जी १९४८ पासून जगभरचे डॉक्टर म्हणतात, २०१७ मध्ये एक वाक्य आलं : उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझ्या स्वतःच्या आरोग्याचीही काळजी घेईन. ते वाचलं तेव्हा मला रडू आलं. रात्रीचे अडीच वाजले होते, म्हणूनही असेल.

उगाच_बिब्बा

बघा, मीही तेच म्हणालो होतो. तास कमी करा.

झोप_झाली_नाही

बिब्बासाहेब, तुम्ही पहिल्या चार वाक्यांत त्या मुलीला कारकून करून टाकलंत, ‘तेच’ कसं?

पांढरी_टोपी

दोघंही शांत व्हा. आणि मशीनचं उत्तर अजून आलं नाही.

कोर्टाची_पायरी

वकिली नजरेतून. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या काही केसेस चालवल्यात, बहुतेक रुग्णाच्या बाजूने, दोनेक डॉक्टरच्या बाजूने. लोकांना वाटतं कोर्टात मोठमोठ्या गोष्टींवर वाद होतो. प्रत्यक्षात बराच वेळ चार्टवर जातो. सलग सहा रात्री, एकच शाई, एकच झुकाव, १२०/८०, १२०/८०, १२०/८०. असा कागद हाती आला की उलटतपासणीला पाच मिनिटं पुरतात. ‘डॉक्टर, हे तुम्ही दंडाला कफ बांधून मोजलंत?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. कदाचित उपचार बरोबरही असतील. पण एक आकडा खोटा ठरला की सगळी फाइल खोटी वाटते.

बाकी सर्वसामान्यांसाठी : मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने तीन वर्षं ठेवायची असतात आणि रुग्णाने मागितली की ७२ तासांत द्यायची. हे हक्काने मागा. ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ हे उत्तर नव्हे. डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. आणि दुसऱ्या बाजूने, २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हेही सांगितलं की प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. फौजदारीसाठी निष्काळजीपणा फार ढोबळ, घोर असावा लागतो. पेशंट गेला की लगेच डॉक्टरला अटक करा म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

मडगावचा_एमआर

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बावीस वर्षं डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभा राहिलोय. ह्या विषयावर माझ्याइतकं कुणी बघितलं नसेल, कारण डॉक्टर पेशंटसमोर एक असतो आणि माझ्यासमोर दुसरा.

डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने कंपन्यांच्या भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना बंदी केली. कंपन्यांसाठी मार्केटिंगची नवी संहिता मार्च २०२४ मध्ये आली. मधल्या काळात काय काय झालं ते मी लिहिणार नाही, अजून नोकरी आहे. पण एक सांगतो. एक डॉक्टर होते, दिवाळीला कंपनीची डायरी नेऊन दिली की घ्यायचे, कंपनीचं नाव असलेलं पहिलं पान फाडून माझ्या हातात द्यायचे आणि उरलेली डायरी शेजारच्या सरकारी शाळेच्या बाईंना पाठवायचे. नियम येण्याच्या आधीची गोष्ट. मला म्हणायचे, "तुझं औषध मला आवडतं. म्हणूनच तुझी डायरी नको." मला ते वाक्य तेव्हा कळलं नव्हतं. सेल्सची मीटिंग होती, मी फक्त म्हटलं ‘प्रिस्क्राइब करतात सर’.

आणि ते कायम विचारायचे : ह्या औषधाचा त्रास कुणाला झाला असं तुला कुठल्या डॉक्टरने सांगितलंय का? बावीस वर्षांत हा प्रश्न विचारणारे मला चार भेटले.

रातांबा

धाग्याचं सोनं झालं. दुकानदार नवरोबांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

सातेरी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण विषय तोच आहे असं मला वाटतं.

बाबांना कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं, बाबांना बाहेर बाकावर बसवलं. सगळं आम्हाला सांगितलं. आम्ही म्हटलं, त्यांना नको सांगूया, खचतील. डॉक्टर लगेच म्हणाले, बरं. अगदी सुटल्यासारखे म्हणाले. तिथून पुढे पाच महिने घरात नाटक. ‘पोटात गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल.’

आमचं घर मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरचं. १९७५ चा कायदा झाला तरी आमचं प्रकरण मामलेदाराकडे लोंबकळत होतं, बाबांच्या नावावर. बाबा दर तारखेला स्वतः डिचोलीला जायचे, कागद एका निळ्या पिशवीत. शेवटच्या महिन्यात, उठवत नव्हतं तेव्हा, त्यांनी भावाला विचारलं, "पुढची तारीख कधी आहे?" भाऊ म्हणाला, बरे व्हा मग बघू. बाबा बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू मला आधी सांगितलं असतंस तर मी पिशवी तुला समजावून दिली असती."

त्यांना माहीत होतं. आम्ही पाच महिने त्यांच्याशी जे बोललो त्यातलं सगळं खोटं होतं हे त्यांना माहीत होतं.

मला त्या डॉक्टरांचा राग नाही, आम्हीच सांगितलं होतं. पण त्यांनी एकदा तरी आम्हाला थांबवायला हवं होतं का? हेच विचारायचंय दोतोरांना.

निवृत्त_दोतोर

सातेरीताई, हवं होतं. मी अशाच एका मुलाला आत बोलावून बापाला बाहेर बसवलंय, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. कारण नातेवाइकांना सांगणं सोपं असतं. ते रडतात, पण विचारत नाहीत ‘मी किती दिवस?’ तुमचे डॉक्टर सुटल्यासारखे म्हणाले ना, ती सुटका मला आतून माहीत आहे.

वाईट बातमी कशी सांगावी ह्याची एक सहा पायऱ्यांची पद्धत २००० मध्ये बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. दुसरी पायरी फार शहाणी आहे : सांगण्याआधी विचारा. तुम्हाला ह्या आजाराबद्दल आतापर्यंत काय कळलंय? आणि तिसरी : तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काही पेशंट म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. तेही त्यांचं म्हणणं आहे, तेही ऐकायचं. पण ते त्यांनी म्हणायचं असतं, मुलाने नव्हे. मला हे कळलं तेव्हा माझी बरीच वर्षं होऊन गेली होती.

कोर्टाची_पायरी

पुरवणी : २००८ चा समीरा कोहली निकाल. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने म्हटलं, सज्ञान बाई शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तर आईची सही चालत नाही. आपल्याकडे पेशंटच्या शरीराचा मालक घरातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस असतो. कायदा तसं मानत नाही.

आबोलीची_फाती

जरा हलकं काही. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर आला होता, उत्तरेकडचा. एमबीबीएसच्या सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात, तशातला. कोकणीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याने पॅडच्या मागच्या बाजूला यादी केली होती : ओंक म्हणजे उलटी, घुंवळ म्हणजे चक्कर. माझ्या आजयेला (वय ८१) पहिल्याच दिवशी म्हणाला, "किदें जाता तुका?" आजी म्हणाली, "तुका न्हय रे, तुमकां." तो उभा राहिला, हात जोडले, आणि परत विचारलं, "किदें जाता तुमकां?" तेव्हा कुठे आजीने गुडघा दाखवला. वर्षभराने बदली झाली तर आजी दोन दिवस रुसून बसली होती.

अवांतर : त्याची यादी मी पाहिली होती, ‘कळ’ आणि ‘दूक’ ह्यांत फरक काय असं त्याने समोर प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. मलाही सांगता आलं नाही.

मांडवीतलो_देव

शपथेचं कुणी काढलं नाही अजून. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवीन मुलांना चरकाची शपथ द्यायला सुचवलं, त्यावरून तेव्हा केवढा धुरळा. मी मुद्दाम चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ ह्या विभागातला तो भाग वाचला. शिष्याला सांगितलेल्या गोष्टींत एक आहे : रोग्याच्या घरात गेल्यावर तिथे जे दिसेल ते बाहेर बोलू नये. व्हॉट्सअॅपवर एक्स-रे फिरवणाऱ्या पिढीला हे एकच वाक्य दिलं तरी पुरे.

झोप_झाली_नाही

शपथ एका सकाळची असते हो. कोट घालायचा, फोटो काढायचा, आईबाबा टाळ्या वाजवतात. नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे २०१९ च्या बॅचपासून, वृत्ती-नीती-संवाद असा वेगळा भाग आहे, २७ मॉड्यूल्स. त्यातलं एक मात्र मला आवडलं होतं : शवविच्छेदनाचा देह हा आपला पहिला शिक्षक. आम्ही पहिल्या दिवशी दोन मिनिटं उभे राहिलो होतो. नंतर वर्षभर त्याच टेबलावर डबे ठेवले, हेही खरं.

आणि नियमांचं म्हणाल तर २ ऑगस्ट २०२३ ला आयोगाने नवी आचारसंहिता काढली, २३ ऑगस्टला स्थगित केली. एकवीस दिवसांचं प्रोफेशनलिझम.

उगाच_बिब्बा

शेवटच्या वाक्याला +१. आणि हो, आवयताई, वर मी जरा जोरात लिहिलं. पण एक प्रश्न राहतोच. कॉलेजात अशी वागलेली मुलं पुढे तशीच होतात का, की सुधारतात? ह्याचा कुणी अभ्यास केलाय?

निवृत्त_दोतोर

केलाय. २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून गेलेल्या, आणि पुढे परवाना मंडळांनी ज्यांच्यावर कारवाई केली अशा २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थीदशेतल्या फायली काढल्या. तुलनेला कारवाई न झालेले ४६९ घेतले. कारवाई झालेल्यांच्या फायलीत कॉलेजातल्याच गैरवर्तनाच्या नोंदी असण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. गुणांचा संबंध होता, पण तो कमी.

पण बिब्बासाहेब, त्यात पुढे बघा. गैरवर्तनातल्या कुठल्या प्रकाराचा संबंध सगळ्यात घट्ट होता? एक, पराकोटीचा बेजबाबदारपणा. आणि दुसरा, स्वतःत सुधारणा करण्याची कुवतच नसणं : चूक दाखवली की वाद घालणारे, दुसऱ्यावर ढकलणारे. चार वाजता उठून सतरा खाटा फिरणारी मुलगी त्या फायलीतली नव्हे. अर्थात हा अभ्यास मागे वळून बघणारा आहे, नोंदी असलेल्या मुलांपैकी बहुतेकांचं पुढे काही वाईट झालं नाही. त्यावरून कुणा पोरावर शिक्का मारू नये.

पांढरी_टोपी

मशीन!!

फोंड्याची_आवय

आले आले. टोपीताई, माफ करा, लेकीचा फोन लागत नव्हता. आज लागला, तासभर बोललो. सगळा धागा तिने वाचलाय, बसमध्ये बसून. सातेरीताईंच्या प्रतिसादानंतर तिने मध्ये थोडा वेळ फोन ठेवला होता.

उत्तर : बेचाळीस पेशंटना दोन मशीनं. एकाचा कफ फुटलेला, फुगवला की सूं आवाज येतो. दुसरं आयसीयूवाले रात्री नेतात आणि सकाळी आणून देतात. त्या रात्री चार वाजता ती आयसीयूतून मागून आणून फिरली होती. हे तिने मला आधी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सबब वाटली असती.

पांढरी_टोपी

वाटलंच होतं. म्हणून मी आधी तेच विचारलं. कफ फुटलेला असतो आणि त्याच्या जागी आकडा लिहिलेला असतो, म्हणून वर कुणाला कळतच नाही की कफ फुटलाय. बेचाळीस चार्ट पूर्ण, मग नवं मशीन कशाला देतील? आमच्या वेळी एक मेट्रन (मुख्य सिस्टर) होत्या, त्या आम्हाला सांगायच्या : मोजलं नसेल तर ‘मोजलं नाही’ लिहा, कारण लिहा, सही करा. शिव्या मी खाईन. आणि खायच्या, खरंच. लेकीला एवढं सांगा.

झोप_झाली_नाही

इथे लिहायला सोपं आहे. ‘मोजलं नाही’ लिहिलं तर राउंडला पहिली पूजा तिचीच.

पांढरी_टोपी

हो, तिचीच. म्हणून मेट्रन लागते.

फोंड्याची_आवय

नऊ दिवसांनी लिहितेय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

लेकीने गेल्या सोमवारच्या रात्रपाळीला अकरा चार्टवर लिहिलं : ‘बीपी घेतले नाही. कफ नादुरुस्त, दुसरे यंत्र उपलब्ध नाही.’ वेळ, सही. उरलेल्यांचं आयसीयूवाल्यांनी मशीन नेण्याआधी घाईघाईने उरकलं होतं. सकाळी मोठे सर चार्ट बघत होते, अकराव्याला थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हे काय निबंध लिहिलेत? रेसिडेंट, तोच तो, म्हणाला, "सर, मीच सांगितलं लिहायला." त्याने सांगितलं नव्हतं. लेक म्हणते, हेही खोटंच ना? मी म्हटलं, ते दोतोरांना विचारते.

वॉर्डच्या सिस्टरनी त्या अकरा चार्टचे फोटो काढून मागणीपत्राला जोडलेत. मशीन अजून आलेलं नाही. कफ मात्र आला, एक. खिडकीजवळची म्हातारी गुरुवारी घरी गेली. जाताना हिला विचारून गेली, "ती रात्री उठवणारी तूच ना गं?"

लेकीचं पोस्टिंग आता बदललंय, कान-नाक-घसा. नेवऱ्या संपल्या म्हणे, पाठवायच्या आहेत. कुणी फोंड्याहून घाटावर जाणारं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_दोतोर

त्या रेसिडेंटलाही चार पाठवा.